वन बीएचकेसाठी होम थिएटर घेताय? आधी शेजारची भिंत बघा

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा बहुधा भिंतीलाच टेकलेला असतो. मग ५.१ सिस्टीमचे मागचे दोन स्पीकर ठेवणार कुठे? अशा घरात साउंडबारच बरा. चित्रपटातले संवाद नीट ऐकू येत नसतील, तर २.१ ऐवजी ३.१ पाहा, त्यात संवादांसाठी मधला वेगळा चॅनल असतो. खोक्यावरचे 'पीएमपीओ'चे भलेमोठे आकडे विसरा, 'आरएमएस' वॅट विचारा. टीव्हीला एचडीएमआय एआरसी पोर्ट आहे ना, तेही तपासा.

खरी अडचण सबवूफरची. त्याचा खोल आवाज भिंतीपलीकडे सहज जातो आणि कोपऱ्यात ठेवला तर आणखी घुमतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा आणि दुकानातच 'नाइट मोड' लावून ऐका.