काळ्या रंगाखालच्या फळ्या

ब्लूनोज या स्कूनरचं, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या बोटीचं, लाकडी मॉडेल पुरं झालं की पाण्याच्या रेषेखाली तिला तांबडा रंग लागतो, रेषेवर बारीक पांढरा पट्टा येतो आणि त्याच्या वर सगळं काळं. बाजूंवर बसवलेली एकूण एक फळी या रंगाखाली जाते. बांधणाऱ्याचे सगळ्यात जास्त तास ज्या कामात गेले, ते बघायला येणाऱ्याला दिसतच नाही. त्याची नजर दोरांवर, डोलकाठ्यांवर, डेकवरच्या पितळी तुकड्यांवर जाते. आणि तरी मॉडेल उतरलं की फसलं, हे ठरतं त्या झाकलेल्या फळ्यांवरच. काळा रंग काहीच पदरात घेत नाही. खिडकीतला उजेड तिरपा पडला की फळीचा केसभर उंचवटाही उघडा पडतो.

मूळ ब्लूनोज कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातली. ल्युनेनबर्ग गावच्या स्मिथ अँड रुलँड यांच्या गोदीत डिसेंबर १९२० मध्ये तिचा कणा बसला आणि २६ मार्च १९२१ रोजी ती पाण्यात उतरली. निमित्त होतं शर्यतीचं. १९२० साली अमेरिका कपची एक शर्यत वारा जोराचा आहे म्हणून पुढे ढकलली गेली. भर हिवाळ्यात अटलांटिकवर जाळी-गळ घेऊन जाणाऱ्या मच्छीमारांना याचं हसू आलं. हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्राचे मालक विल्यम डेनिस यांनी मग कामाच्या मच्छीमार बोटींसाठी वेगळी ट्रॉफी ठेवली. पहिल्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्लॉस्टरहून आलेली एस्पेरांटो ती जिंकून घेऊन गेली. हे हॅलिफॅक्सकरांच्या जिव्हारी लागलं आणि नवी स्कूनर बांधायचं ठरलं. आराखडा करायला दिला विल्यम रूए यांच्याकडे. रूए घरच्या सोडावॉटरच्या धंद्यात होते. बोटींचं शास्त्र ते आपलं आपण शिकले होते. ब्लूनोज हा त्यांचा सतरावा आराखडा.

शर्यतीची एक अट फार महत्त्वाची होती. उतरणाऱ्या बोटीने ग्रँड बँक्स या अटलांटिकमधल्या मासेमारीच्या पट्ट्यावर निदान एक हंगाम खरोखरची मासेमारी केलेली असली पाहिजे. त्यामुळे नुसती पळणारी बोट चालणार नव्हती. खारवलेल्या कॉडचा माल मावायला पोट हवं, आणि वेगाला पोट नडतं. पाण्याच्या रेषेवरची लांबी ११२ फुटांपेक्षा जास्त चालणार नव्हती. रूए यांनी ती पुरेपूर वापरली आणि बोटीची एकूण लांबी १४३ फूट केली. मधला ३१ फुटांचा फरक नाळेकडे आणि पिछाडीकडे पाण्यावर अधांतरी पुढे आलेला आहे. बोट उभी असताना तो भाग कोरडा राहतो. वाऱ्याने बोट एका अंगावर कलली की तोच भाग पाण्यात उतरतो, पाण्यातली लांबी वाढते आणि तिच्याबरोबर बोटीला गाठता येणारा वेगही वाढतो. कागदावर हे वाचून समजतं. पण पिछाडीखालच्या त्या उचललेल्या भागावर फळी वळवायला घेतली की ते बोटांना कळतं, कारण सगळ्या बोटीत फळी सर्वांत जास्त हट्ट करते ती तिथेच.

ब्लूनोजची किटं बऱ्याच कंपन्यांनी काढली. मी इथे बोलतोय ते मॉडेल शिपवेजच्या किटबद्दल. ही अमेरिकन कंपनी १९४६ साली न्यू जर्सीत सुरू झाली. त्या काळच्या किटमध्ये ढोबळ आकार दिलेला भरीव लाकडी ठोकळा येई आणि तो नकाशाबरहुकूम तासावा लागे. आज खोक्यात येतात लेझरने कापलेले प्लायवूडचे तुकडे, बासवुडच्या पट्ट्या, डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, पितळी आणि ओतीव धातूचे जिन्नस, दोन रंगांचे दोर आणि नकाशांची गुंडाळी. माप चौसष्टाव्या हिश्श्याचं, म्हणजे मूळच्या एका फुटाला इथे ३/१६ इंच. १४३ फुटांची बोट सव्वादोन फुटांत बसते आणि सहा फुटी खलाशी जेमतेम इंचाहून थोडा उंच राहतो.

बोट खोक्यात तयारच असते, नुसती जोडायची, अशी अनेकांची समजूत आहे. प्लॅस्टिकच्या मॉडेलबाबत ती बऱ्याच अंशी खरी, कारण तिथे बाजूंचा आकार कारखान्याच्या साच्यातून आलेला असतो. लाकडी किटमध्ये सांगाडा आणि सरळ पट्ट्यांचा जुडगा एवढंच मिळतं. आकार हाताने आणावा लागतो.

सांगाडा उभा करणं तसं सोपं. प्लायवूडचा सपाट कणा, त्यात खाचा, खाचांत आडव्या फासळ्या. गुण्या लावून एकेक फासळी काटकोनात बसवायची, फेविकॉल वाळू द्यायचा. कणा मुळात किंचित वाकडा असेल तर तो आधी सरळ पाटावर शिकंज्यांनी धरून ठेवायचा. ते राहून गेलं तर पुढे काहीही करा, बोट वाकडीच चालते. खरी कसोटी त्यानंतरची. फासळ्यांच्या कडा लेझरने सरळ कापलेल्या असतात, पण फळी त्यांच्यावरून तिरकी जाते. म्हणून नाळेकडच्या फासळ्यांची पुढची कड आणि पिछाडीकडच्या फासळ्यांची मागची कड उतरती तासावी लागते. किती तासायचं याचा हिशेब त्या जळक्या कडेतच असतो. लेझरने प्लायवूड काळं पडलेलं असतं. पॉलिश पेपर फिरवत गेलं की काळेपणा एका अंगाने निघत जातो आणि शेवटी कडेला एक बारीक काळी रेघ उरते. ती रेघ हे खरं माप. ती गेली की फासळी लहान झाली. सगळीकडे फक्त रेघ उरली की एक लवचीक पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत आडवी टेकवून बघायची. ती प्रत्येक फासळीला टेकली पाहिजे. कुठे फट नको, कुठे टेंगूळ नको. उंचीच्या प्रत्येक टप्प्यावर हे बघावं लागतं आणि त्याला घाई अजिबात चालत नाही. पुढच्या फळीकामात ज्या अडचणी येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथे केलेल्या कंटाळ्यात असतं.

मग फळ्या. पुडक्यातल्या पट्ट्या सगळ्या एका रुंदीच्या, पण बोटीचा घेर मध्यावर मोठा आणि नाळेशी कितीतरी कमी. कलिंगडाच्या सालीवरचे पट्टे मधे रुंद आणि टोकांना निमुळते असतात, तशी इथली प्रत्येक फळी करून घ्यावी लागते. त्यासाठी कागदाची बारीक चिंधी फासळीच्या कडेवरून वरपासून कण्यापर्यंत लावायची, लांबी खुणावायची आणि तिचे जितक्या फळ्या तितके सारखे भाग पाडायचे. दर फासळीला असं केलं की एकेक फळी कुठे किती रुंद हवी ते हातात येतं. खऱ्या गोदीत फळीचं टोक फार अरुंद करत नाहीत, कारण मग खिळ्याला धरायला लाकूडच उरत नाही. मॉडेलवरही मूळ रुंदीच्या निम्म्याखाली जायचं नाही हा संकेत पाळतात. त्याहून अरुंद व्हायला लागली तर दोन फळ्या एकीत मिळवायच्या. पिछाडीला उलटा प्रकार: तिथे फळ्यांमधे जागा फाकते आणि पाचर घालून ती भरावी लागते.

पट्टी जाडीच्या दिशेने मुकाट वाकते, रुंदीच्या दिशेने वाकायला तयार नसते. बोटाने दाबून जबरदस्ती केली तर खालची कड बसते आणि वरची उचलते. त्यामुळे आधी ती पाण्यात भिजवायची, पाटावर आडव्या बाकात शिकंज्यांनी धरायची, केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा द्यायची आणि पूर्ण गार झाल्यावरच सोडायची. नीट झालेली पट्टी जागेवर नुसती ठेवली तरी बसून राहते. डिंक तिला धरून ठेवायला असावा, वाकवायला नसावा. डाव्या बाजूला एक फळी बसली की उजव्या बाजूला तिची जोडीदारीण बसवायची; एकाच अंगाने चार-पाच चढवल्या तर ओढ पडून कणा पिळवटतो.

नाळेच्या कठड्यापाशी आलं की ब्लूनोजची एक खास गोष्ट हाताला लागते. बोट बांधत असताना पुढच्या बाजूला खलाशांच्या खोलीत डोक्यावर जागा कमी पडतेय असं ठरलं आणि नाळेचा भाग दीड फुटाने उंच केला गेला. तिचं ते वर झेपावणारं नाक त्यातून आलं. त्याने ती जास्त पळाली की नाही यावर पुष्कळ वाद झाले. मॉडेलवर त्या दीड फुटाचे सात मिलिमीटर होतात. पण सात मिलिमीटर चढवताना काठाची रेघ एकदम मोडू द्यायची नाही, तिने मध्यापासूनच हळूहळू उठत जायचं, हे साधण्यात एकेक संध्याकाळ जाते. मला या मॉडेलमधली सगळ्यात देखणी रेघ तीच वाटते आणि ती काळ्या रंगातूनही दिसते.

फटींत लांबी (पुट्टी) भरून सगळं सारखं करता येतं असं सांगणारे खूप भेटतात. रंग लागणारच आहे, मग कशाला एवढी छाननी? मला हे पटत नाही. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं आणि आकसतं, लांबी त्याच्याबरोबर हलत नाही. मुंबईच्या किंवा कोकणातल्या घरात दोन पावसाळे गेले की भरलेली प्रत्येक फट रंगातून रेघ काढते. लाकडाला लाकूड नीट भिडलेलं असेल तर ते एकत्र हलतं. थोडी लांबी सगळ्यांनाच लागते, पण ती किती लागली यावरून फळीकाम कसं झालं ते कळतं.

डेकला रंग नाही, फक्त पातळ पॉलिश. मूळची तीन इंची फळी इथे १.२ मिलिमीटरची होते. फळीच्या कडेवर पेन्सिल फिरवून ती शेजारणीला चिकटवली की दोघींमधली फट बुजवलेल्या डांबराची रेघ आपोआप दिसते. डेकवर आठ डोऱ्या असतात. डोरी म्हणजे सपाट तळाची लहान होडी. भर समुद्रात स्कूनरवरून दोन-दोन माणसं घेऊन ती सुटायची आणि गळाचे लांब दोर टाकून कॉड पकडायची. बसायच्या आडव्या फळ्या काढता येत, त्यामुळे एकीच्या पोटात दुसरी अशा या होड्या रचून ठेवत. बोट कामाची होती, शोभेची नव्हती, हे त्या डोऱ्यांवरून कळतं. मॉडेलवर त्या नाहीत असं झालं तर मला बोट अर्धी वाटते.

दोरकामाचा लोकांना उगाच धसका असतो. ते वेळखाऊ आहे, अवघड नाही. काठी कानशीने आधी अष्टकोनी, मग गोल आणि टोकाकडे बारीक करायची. मोठी डोलकाठी मागची. तिला तोलणारे दोर डांबर फासलेले, म्हणून काळे. शिडं हलवणारे दोर फिकट. काळ्या दोरांवर चढायला आडव्या पायऱ्यांच्या गाठी येतात, साधारण पाच-सहा मिलिमीटरच्या अंतराने. इथे एकच पथ्य: गाठ ओढायची नाही. प्रत्येक गाठीने उभे दोर अर्धा केस आत ओढले गेले तरी वर पोचेपर्यंत त्यांची कंबर आवळलेली दिसते. मोठ्या शिडाचा खालचा आडवा दांडा मूळ बोटीवर ८१ फुटांचा होता. मॉडेलवर तो पंधरा इंचांहून थोडा जास्त भरतो आणि पिछाडीच्या बाहेर जातो. बोटीच्या अंगात किती ताकद होती ते या एका काठीकडे बघून समजतं.

शिडं लावावीत की नाही? किटवाले आणि बांधणारे यावर वर्षानुवर्षं भांडत आलेत. माझं मत न लावण्याकडे झुकतं. सुती कापडाचा धागा ०.२ मिलिमीटरचा धरला तरी चौसष्टपट केल्यावर तो बोटाएवढ्या जाडीचा दोर होतो. असं शीड कुठल्याच बोटीने लावलं नाही. शिवाय १०,००० चौरस फुटांच्या शिडांचे मॉडेलवर जवळपास अडीच चौरस फूट होतात आणि ते नेमके बोटीवरच पडदा धरतात.

ब्लूनोजने १९२१ मध्ये ट्रॉफी परत आणली आणि १९३८ च्या शेवटच्या शर्यतीपर्यंत ती कुणाकडे जाऊ दिली नाही. अँगस वॉल्टर्स हे तिचे कप्तान. १९२९ मध्ये ती कॅनडाच्या ५० सेंटच्या तिकिटावर आली आणि १९३७ पासून दहा सेंटच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांची स्कूनर आहे. पण मासेमारीत इंजिनं आली होती. १९४२ मध्ये ती मालवाहतुकीसाठी वेस्ट इंडीजकडे विकली गेली आणि जानेवारी १९४६ मध्ये हैतीजवळच्या खडकांवर फुटली. १९६३ साली त्याच गोदीने ब्लूनोज दोन बांधली. बाहेरून ती बहिणीवर गेली आहे. आतून मात्र तिच्यात इंजिन आहे, माशांचं कोठार नाही, डेकवरच्या खोल्याही निराळ्या. किट निवडताना हे बघून घ्यायला हवं. पहिलीचं म्हणून घेतलेल्या बोटीवर दुसरीच्या खोल्या बसल्या तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

आणि अगदी नवख्याने ब्लूनोजपासून सुरुवात करू नये. तिच्या पिछाडीचा बाक पहिल्याच वेळी कुणालाही थकवेल, आणि अर्ध्यावर थांबलेले सांगाडे कपाटांत पुष्कळ पडून आहेत. मॉडेल शिपवेजचंच एक किट ग्रँड बँक्स डोरीचं आहे, चोविसाव्या हिश्श्याचं, वीतभराहून थोडं मोठं. मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरी गावात १७९३ पासून चालत आलेल्या लोवेल यांच्या कारखान्यातल्या होडीवरून ते केलेलं आहे. त्यात मोजक्याच रुंद फळ्या आहेत, पण फळीची कड तिरकी तासणं, तिला बाक देणं, डाव्या-उजव्या जोडीने चढवत जाणं, हे सगळं त्यात येतं. ती करून झाली की ब्लूनोजच्या डेकवरच्या बोटभर लांबीच्या आठ डोऱ्याही तुम्हाला जमतील.