पाटीवरची दुसरी ओळ

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय इ. स. १८६३ मध्ये स्थापन झाले. लोक त्याला कौतुकाने 'अजब बंगला' म्हणतात. गडचांदूरसारख्या वनप्रदेशातील गावाहून तेथे गेलेल्या मुलाला सृष्टीतील पशुपक्ष्यांचे एक दालन दिसते, तर आदिवासी जीवनाचे दुसरे. त्यामुळे विज्ञान एका दालनात आणि परंपरा दुसऱ्यात, असा समज सहज होतो. तो कितपत खरा आहे?

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर प्रदेशातील पितळेचा हत्ती डोळ्यांपुढे आणा. त्याच्या पाटीवर बहुधा एवढेच असते : 'पितळी हत्ती, बस्तर.' परंतु तो घडला कसा?

कारागीर प्रथम मातीचा गाभा करतो. त्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून झूल, घंटा व दागिने उमटवतो. वरून मातीचे लेप देतो आणि एक वाट मोकळी ठेवतो. साचा तापला की मेण वितळते, माती मात्र भाजून कठीण होते. एकाच अग्नीचे हे दोन परिणाम! मेणाने सोडलेल्या पोकळीत पितळाचा रस भरतो. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. जस्त मिसळून केलेले पितळ त्याहून कमी उष्णतेवर. हे कारागीर कोणत्याही उष्णतामापकावाचून, भट्टीच्या रंगावरून ओळखतो. मोहेंजोदडोची सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची नर्तिका याच रीतीने ओतलेली आहे.

मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावा लागतो; म्हणून तंतोतंत तशी दुसरी मूर्ती होत नाही. मूर्ती काचेच्या कपाटात जपता येते, पण भट्टीचा रंग ओळखणारी दृष्टी कोणत्या कपाटात ठेवावी? कारागिराचा हात थांबला की ती विद्याही थांबते.

यासाठीच पाटीवर दुसरी ओळ हवी : हे कोणी केले व कसे केले? भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात आदिवासींची घरे त्या त्या समाजातील लोकांनीच येऊन बांधली आहेत. तेथे वस्तूबरोबर ती घडवणाऱ्याचे ज्ञानही मांडले गेले.

मुलांनो, तुमच्या गावातही कोणी बांबू विणत असेल, कोणी मडकी भाजत असेल. त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि ती दुसरी ओळ आपल्या वहीत उतरवून ठेवा.