मूल एक, खिडक्या अनेक

शाळेचं नाव काढलं की चौदा वर्षांच्या मुलीला उलट्या होतात. मनोविकारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात, मानसशास्त्रीय चाचणी दुसऱ्या शहरात, हजेरी भरत नाही म्हणून मुख्याध्यापकांची चिठ्ठी, घरी आजीचा देवऋष्याकडे नेण्याचा धोशा, आणि दर फेरीला वडिलांच्या रोजीचा खाडा. डॉक्टर सापडला की प्रश्न मिटला, असं मानणाऱ्यांनी ही यादी पुन्हा वाचावी. यातल्या एकाच खिडकीवर डॉक्टर बसलेला आहे. बाकीच्या खिडक्यांची मोट बांधण्याच्या कामाला केस मॅनेजमेंट म्हणतात. आपल्याकडे ते बहुधा आईच करते, कारण हे मनोविकार समाजसेवकाचं काम आहे हेच घरात ठाऊक नसतं. त्याच्याकडे जाण्याच्या आड येणारे चार समज इथे तपासले आहेत.

‘समाजसेवक म्हणजे बिलात सवलत मिळवून देणारे.’

सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ अशी पाटी असते. अर्ज हातात असल्याशिवाय त्या दारात सहसा कोणी जात नाही. सवलतीचं काम तिथे होतं हे खरं, पण मनोविकार समाजसेवकाचं शिक्षण वेगळ्याच कामासाठी झालेलं असतं. आजार कधी सुरू झाला याबरोबरच घरात कोण कमावतं, मूल कोणाजवळ झोपतं, गोळी कोण देतं, हेही तो विचारतो. सकाळच्या गोळीने पोर पहिल्या दोन तासांना पेंगते, हे वर्गशिक्षिकेला ठाऊक नसतं आणि डॉक्टरांना कोणी सांगितलेलं नसतं. समाजसेवक ते दोघांच्याही कानावर घालतो. मग डॉक्टर गोळीची वेळ बदलायची का ते बघतात आणि बाई वर्गात तिला टोकायचं थांबवतात. चाचणी आणि तपासणी एकाच दिवशी बसवली तर वडिलांचा एक खाडा वाचतो. आजीला दटावण्याऐवजी तो तिच्याशी बोलत बसतो. देवाचं करायचं ते करा, गोळी मात्र चुकवू नका, एवढ्यावर तडजोड होते.

ही परदेशी टूमही नव्हे. मुंबईत टाटा समाजकार्य संस्थेने 1937 सालीच बालमार्गदर्शन केंद्र काढलं होतं. अडचण मनुष्यबळाची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात या समाजसेवकाचं पद जिल्ह्याला एकच. तेव्हा आपणहून विचारल्याशिवाय गाठ पडेलच असं नाही.

‘नाव नोंदवलं की गावभर होईल, आणि मूल काढून नेतील.’

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं त्याने बंधनकारक केलं आहे. अपवाद मोजके आहेत. शाळेला काय सांगायचं ते आईवडिलांशी बोलून ठरतं, आणि ‘वर्गाबाहेर बसायची मुभा द्या’ एवढं सांगून भागत असेल तर निदान कळवायची गरजही नसते. दाखल करण्याबाबत कायदा आणखी कडक आहे. अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येतं, मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहतं.

‘दिव्यांग प्रमाणपत्र काढलं की कायमचा शिक्का.’

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही येतात. पण प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र लागतंच असं नाही. नैराश्यातून सावरणाऱ्या मुलीला ते बहुधा नकोच. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला मात्र त्याच्या आधारे दहावीला जादा वेळ मिळू शकतो. ते मुदतीचंही मिळतं. काढायचं की नाही, हा हिशेब समाजसेवकासमोर बसून करावा, शेजाऱ्यांच्या सल्ल्याने नव्हे.

‘मनाच्या आजाराला विमा नसतो.’

त्याच 2017 च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मनाचे आणि शरीराचे आजार एकाच पायावर धरायचे आहेत. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. समुपदेशनाची फी सहसा खिशातूनच जाते.

जवळ कोणीच नसेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. एवढ्याने शाळेचं आणि घरचं भागत नाही, पण पहिलं दार कोणतं ते कळतं. समाजसेवकाला भेटायला जाताना जुने केस पेपर, शाळेच्या हजेरीची नक्कल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा बरोबर न्यावीत.