हृदय थांबते, तेव्हा मेंदूत काय होते?

घरातील वडीलधारे माणूस बोलता बोलता कोसळते, नाडी लागत नाही, आणि भोवतालची मंडळी ‘सारे संपले’ म्हणून हातपाय गाळून बसतात. परंतु हृदय थांबले म्हणजे त्याच क्षणी सारे संपते काय? शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या मेंदूवर पहारा ठेवून याचे उत्तर शोधले आहे. ते सोप्या भाषेत वाचकांपुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

मेंदूचे वजन देहाच्या सुमारे पन्नासावा भाग. पण देह स्वस्थ असतानाही प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटाच खातो. साठा मात्र त्याच्यापाशी नाही. रोजच्या मिळकतीवर रोज चूल पेटणाऱ्या घरासारखी त्याची स्थिती. म्हणून रक्त थांबताच काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चार-पाच मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

मेंदूचे काम विजेच्या सूक्ष्म लहरींनी चालते. १८७५ साली रिचर्ड कॅटन या इंग्रज वैद्याने ससे व माकडे यांच्या मेंदूत त्या नोंदल्या. १९२९ साली जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा आलेख प्रसिद्ध केला. तोच आजचा ई.ई.जी. हृदय बंद पडले की या आलेखाची रेघ लवकरच सपाट होते.

पण सपाट होण्यापूर्वी काय घडते? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जिमो बोरजिगिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली भूल दिलेल्या नऊ उंदरांवर हे पाहिले. हृदय थांबल्यावर पहिल्या तीस सेकंदांत गॅमा नावाच्या जलद लहरी एकमेकींशी मेळ राखून जोमाने उठल्या, आणि मग विझल्या. दिवा विझताना ज्योत मोठी होते, तसेच हे. २०२३ साली त्यांनी चार मरणासन्न रुग्णांचे आलेख तपासले. दोघांत असाच उसळा दिसला. यावरून परलोकाचा पुरावा मिळाला, असे कोणी समजू नये. उंदराला काय जाणवले, हे आलेख सांगत नाही. आणि ते दोन रुग्ण सांगायला उरले नाहीत.

याहून उपयोगाचा धडा कुत्र्यांवरील प्रयोगांनी दिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे गाय निकरबॉकर यांच्या ध्यानात आले की, विजेचा धक्का देण्याची उपकरणे कुत्र्याच्या छातीवर दाबताच रक्तदाब क्षणभर वाढतो. त्यातूनच कोवेनहोवन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली छाती न उघडता हृदय चालते ठेवण्याची रीत जाहीर केली.

ती रीत आपल्याही हातची आहे. माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास बंद असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्यास कठीण जागी उताणे निजवून छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून दाबावे: मिनिटास १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. मेंदूला तेवढाच रक्ताचा घोट मिळतो.

हे ज्ञान मुक्या जीवांच्या प्राणांचे मोल देऊन मिळाले आहे. आपल्या देशात अशा प्रयोगांवर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचा अंकुश आहे, हे योग्यच होय. पण त्या जीवांचे ऋण फेडण्याचा खरा मार्ग एकच: ती चार मिनिटे आपण रडण्यात घालवू नयेत.