दोन डब्यांचा धडा

सकाळी गल्लीच्या तोंडाशी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं, की सिडकोने बांधलेल्या नेरुळच्या आमच्या बैठ्या घरांत लगबग उडते. कुणी गॅस बारीक करतं, कुणी वेणी अर्धवट सोडतं आणि दारादारांतून दोन डबे बाहेर येतात. हिरव्यात कांद्याची सालं, कोळंबीची टरफलं, चहाचा चोथा. निळ्यात धुतलेल्या दुधाच्या पिशव्या आणि पुठ्ठे. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर आणि सुरत यांच्यामागोमाग नवी मुंबई देशात तिसरी आली. त्यामागे घराघरांत बदललेली ही सवय आहे. मोठी माणसं नवी सवय शिकतात कशी? मानसशास्त्राने या प्रश्नाची जी उत्तरं दिली, ती आमच्या गल्लीतच पडताळता येतात.

इव्हान पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. अन्नापूर्वी ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांनी दाखवलं. हे अभिजात अभिसंधान. गाडीचं गाणं ऐकताच आमच्या जिवाची जी घालमेल होते, ती याच जातीची.

डबा उचलून नेणं मात्र आपोआप होत नाही. ती कृती असते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत कोंडून पाहिलं, की ज्या हालचालीने दार उघडतं तीच हळूहळू पक्की होते. बी. एफ. स्किनर यांनी १९३८च्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला : वर्तन घडतं ते परिणामांमुळे. चांगला परिणाम, म्हणजेच प्रबलन, कृतीला बळ देतो. शिक्षेवर स्किनर यांचा फारसा विश्वास नव्हता; तिने वर्तन दबतं, सुटत नाही. मिसळलेला कचरा परत पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा आमच्याकडेही डबे झटपट वेगळे झाले आणि तपासणी सैल पडताच काही घरांत पुन्हा एक झाले.

मग ज्या घरांत सवय टिकली, ती कशाने? एडवर्ड टोलमन आणि त्यांचे सहकारी होंझिक यांचा १९३०चा प्रयोग इथे उपयोगी पडतो. चक्रव्यूहात दहा दिवस बक्षिसाविना फिरलेल्या उंदरांना अकराव्या दिवशी खाऊ ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या चुका एकदम घटल्या. वाट त्यांना आधीच कळली होती, दाखवायला कारण नव्हतं. ओलं काय आणि सुकं काय, हे आम्हालाही ठाऊक होतंच; हवं होतं ते कारण.

शिवाय माणूस पाहून शिकतो. १९६१ साली अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगात मोठ्यांना बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी तसंच केलं. आमच्याकडे उलट झालं : शाळेत वर्गीकरण शिकून आलेल्या नातवंडांचं पाहून आजी-आजोबा शिकले. लेव्ह व्हिगोत्स्की म्हणत, आज जे आधाराने जमतं ते उद्या एकट्याला जमतं. “आजी, हे निळ्यात” हा तसाच आधार.

तरीही माझ्या घरात हा बदल कशाने रुजला, ते वेगळंच आहे. एकदा आमच्या गाडीवरच्या दादांनी तळहात दाखवला. कुणाच्या तरी ओल्या कचऱ्यातल्या काचेने तो चिरला होता. “ताई, काच तेवढी वेगळी द्या,” एवढंच ते म्हणाले. कार्ल रॉजर्स यांच्यासारखे मानवतावादी मानसशास्त्रज्ञ सांगत, की जे शिकणं माणसाच्या अनुभवाला आणि भावनेला भिडतं, तेच त्याचं स्वतःचं होतं. त्या हाताकडे पाहताना मला ते पटलं.

म्हणून कुठल्याही एका सिद्धांताच्या हाती सगळं सोपवू नये असं मला वाटतं. गाण्याने जाग येते, शिक्षेने सुरुवात होते, शेजाऱ्याचं पाहून सवय पसरते. पण कुणी पाहत नसतानाही ती टिकायची, तर दुसऱ्या टोकाचा माणूस दिसावा लागतो. परवा दिवाळीची साफसफाई करताना एक बरणी फुटली. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, सुतळीने बांधले, वर ‘काच’ असं ठळक लिहिलं आणि सकाळी दादांच्या हातात वेगळे दिले.