मूत्रपिंडविकारतज्ज्ञाला काम कोठे मिळेल?

एम. डी. झालेले तरुण व्यवसायबंधू भेटले की हल्ली हमखास विचारतात, "सर, नेफ्रॉलॉजीला जाऊ का? पुढे नोकरी मिळेल ना?" प्रश्न रास्त आहे. एम. बी. बी. एस.ची साडेपाच वर्षे, एम. डी.ची तीन व डी. एम.ची आणखी तीन, अशी साडेअकरा वर्षे खर्ची पडल्यावर पोटापाण्याची चिंता वाटावयाचीच.

माझ्या मते काम उदंड आहे. मनाजोगत्या शहरात मनाजोगती नोकरी मात्र मिळेलच असे नाही. भारतात दर दहा लाख लोकसंख्येमागे जेमतेम दोन मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आहेत आणि तेही बहुतांशी मोठ्या शहरांत एकवटलेले. तेथे नवोदिताला ज्येष्ठांच्या हाताखाली बरीच वर्षे काढावी लागतात. शिवाय या शाखेचे अर्थकारण निराळे. उत्पन्नाचा कणा डायलिसिस. पण यंत्रे, जलशुद्धीकरण संच, तंत्रज्ञ हे सारे बहुधा रुग्णालयाच्या मालकीचे. प्रत्यारोपण तर १९९४ च्या कायद्यान्वये नोंदणीकृत रुग्णालयातच करता येते. स्वतःची पाटी लावून स्वतंत्र बसणे त्यामुळे अवघड. करारपत्रात डायलिसिसच्या उत्पन्नातील वाटा व रात्रीच्या बोलावण्यांचा मोबदला लेखी घ्यावा. संकोचापायी पुष्कळजण येथेच चुकतात!

जिल्ह्याच्या गावी चित्र उलटे दिसते. २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रे पोहोचू लागली. अनेक ठिकाणी ती फिजिशियन व तंत्रज्ञ यांच्या भरवशावर चालतात. परिणामी रुग्ण शेवटच्या टप्प्यावर येतो तेव्हा त्याच्या हातावर फिस्टुला नसतो. तो वापरण्याजोगा व्हावयास सहा आठवडे वा अधिक लागतात. तोवर मानेतील नळीवर भागवावे लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावूही शकतो. गावात तज्ज्ञ असता, तर क्रिएटिनिन वाढू लागतानाच मधुमेही रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचला असता.

आम्हा बडोदेकरांना अहमदाबादचे उदाहरण जवळचे. डॉ. एच. एल. त्रिवेदी १९७७ साली कॅनडातील बसलेला जम सोडून तेथे परतले आणि त्यांनी मूत्रपिंडविकारांची मोठी संस्था उभी केली. ही जिद्द प्रत्येकाकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. पण लहान गावी जाण्याचा विचार असेल, तर डी. एम.च्या शेवटच्या वर्षी पेरिटोनियल डायलिसिसची नळी स्वतःच्या हाताने बसवावयास अवश्य शिकावे. तेथे प्रत्येक वेळी सर्जन हाताशी असतोच असे नाही.