टेनिसपटूंचे शारीरिक प्रशिक्षण, कुमारवयीन

टेनिसपटूंचे शारीरिक प्रशिक्षण, कुमारवयीन : टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींचे बळ, वेग, चपळाई, लवचिकपणा व दमसास हे गुण त्यांच्या वाढीच्या अवस्थेनुसार विकसित करण्याची पद्धती. प्रौढ खेळाडूंचाच व्यायाम प्रमाण कमी करून मुलांना द्यावा, ही समजूत रूढ असली, तरी ती सदोष आहे.

टेनिसमधील बहुतेक गुणांचा निकाल काही सेकंदांत लागतो. दोन गुणांमध्ये २५ सेकंदांपर्यंत विसावा मिळतो. सामना मात्र दोन-तीन तासही चालू शकतो. एकेरीचे मैदान २३·७७ मी. लांब व ८·२३ मी. रुंद असल्याने धावा आखूड असतात. परंतु थांबणे, वळणे व पुन्हा वेग घेणे अखंड चालते. त्यामुळे पहाटे मैलोगणती पळविण्याची जुनी रीत या खेळास फारशी उपकारक नाही. त्याऐवजी ५ ते १० सेकंदांच्या वेगवान धावा व मध्ये दुप्पट-तिप्पट विश्रांती, दोरीवरील उड्या आणि बाजूला सरकण्याचे पदन्यास द्यावेत. या दृष्टीने खो-खो हा उत्तम पूरक खेळ होय. पुण्याचा डेक्कन जिमखाना टेनिससाठी प्रसिद्ध आहे. खो-खोचे नियम सूत्रबद्ध करण्याचा आरंभीचा प्रयत्नही १९१४ च्या सुमारास तेथेच झाला. मुरबाड-शहापूरकडील खेड्यांतल्या शाळेच्या पटांगणावर खो-खो खेळणारे मूल टेनिसला लागणारी चपळाई रॅकेट हाती येण्यापूर्वीच कमावू शकते.

उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींत साधारणतः बाराव्या, तर मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. या काळात हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चापट्ट्या नाजूक असतात. गुडघ्याखाली किंवा टाचेत होणारी वेदना आळसाचे निमित्त समजून दुर्लक्षिली जाते. ती अतिश्रमाची सूचना असू शकते. सर्व्हिस करताना कंबर मागे वाकून पिळवटते. हीच क्रिया शेकडो वेळा केल्यास कमरेच्या मणक्यास ताणजन्य अस्थिभंग होऊ शकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी उंची मोजून, वाढीचा वेग दिसताच सर्व्हिसची व उड्यांची संख्या घटवावी. वजने उचलल्याने उंची खुंटते, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे. तंत्र शुद्ध व देखरेख जाणत्याची असल्यास हलकी वजने निर्धोक ठरतात. त्याआधी दंड, बैठका, सूर्यनमस्कार व मल्लखांब यांनी स्वतःच्या शरीराचा भार पेलण्याची सवय लावणे इष्ट.

टेनिस हा एकांगी खेळ आहे. रॅकेटच्या हाताचे स्नायू अधिक पुष्ट होतात, पण त्याच खांद्याचे आतील बाजूस फिरणे हळूहळू आखडते. खांद्याच्या मागील स्नायूंसाठी रबरी पट्ट्यांचे व्यायाम, तसेच दुसऱ्या हाताने चेंडूफेक करविल्यास हा असमतोल आटोक्यात राहतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत मंद गतीचे चेंडू आवश्यक केले, ते खेळ मुलांच्या आवाक्यात राहावा म्हणून. महिला टेनिस संघटनेने तर १९९५ मध्येच अल्पवयीन मुलींच्या व्यावसायिक स्पर्धांवर वयानुसार मर्यादा घातल्या. आठवड्यातून किमान एक दिवस रॅकेटला पूर्ण सुटी द्यावी आणि वर्षातून काही आठवडे दुसराच खेळ खेळू द्यावा.